विश्लेषण : सोडायचे ठरवूनही खर्रा का सुटत नाही? व्यसनाचे मूळ मेंदूत, स्वभावात की नाक्यावरच्या पानठेल्यात?

राज्यात गुटखा, सुगंधी तंबाखू आणि खर्ऱ्यावर वर्षानुवर्षे बंदी आहे. तरीही विदर्भात खर्रा सहज मिळतो आणि खाणाऱ्यांना तो सोडता येत नाही. व्यसन का लागते, याविषयी विज्ञान काय सांगते?

नागपूरच्या पूर्व भागातील नंदनवन हा विद्यार्थी, नोकरदार आणि छोट्या व्यावसायिकांचा परिसर. केडीके महाविद्यालय, जगनाडे चौक, हसनबाग या पट्ट्यात सकाळपासून वर्दळ असते आणि शहरातल्या इतर भागांप्रमाणे इथेही पानठेला कधी फार लांब नसतो. खर्रा खाणाऱ्यांपैकी अनेकांनी तो एकदा तरी सोडून पाहिलेला असतो. चार दिवस, आठ दिवस, कधी महिनाभर. मग पुन्हा सुरू. घरचे म्हणतात, ‘मनावर घेतलेच नाही.’ खाणाऱ्यालाही शेवटी तेच खरे वाटू लागते. मात्र, गेल्या ७० वर्षांतील संशोधन पाहिले तर हे स्पष्टीकरण फार अपुरे ठरते. व्यसनामागे एकच कारण नसते आणि त्यातील प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा असतो.

खर्रा म्हणजे नेमके काय?

बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घेऊन जोर लावून घोटले की खर्रा तयार होतो. पश्चिम महाराष्ट्रात याच्याच जवळचा प्रकार ‘मावा’ नावाने ओळखला जातो. वरवर साध्या दिसणाऱ्या या मिश्रणात तिन्ही घटकांचे काम ठरलेले आहे.

तंबाखूत निकोटिन असते. चुना अल्कधर्मी असल्याने त्याच्या संपर्कात निकोटिनचे रूप बदलते आणि ते गालाच्या आतील नाजूक आवरणातून रक्तात लवकर शिरते. म्हणजे चुना केवळ चवीसाठी नसतो, तो निकोटिन शरीरात पोहोचवण्याचे काम करतो. सिगारेटच्या धुरातून निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत जाते. खर्ऱ्यात हा वेग कमी असतो, पण पुडी गालात असेपर्यंत निकोटिन झिरपत राहते आणि रक्तातील पातळी जास्त वेळ टिकते.

तिसरा घटक सुपारी. तिच्यातील अरेकोलिन हे द्रव्य स्वतःच मेंदूला उत्तेजित करते. निकोटिन मेंदूतील ज्या ग्राहींवर काम करते, त्यांपैकी काहींवर अरेकोलिनही काम करते, असे फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले. त्यामुळे ‘तंबाखू सोडली, आता फक्त सुपारी खातो’ असे म्हणणाऱ्याची सवय पूर्ण सुटलेली नसते. शिवाय, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला २००४ मध्येच माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. तोंड हळूहळू कमी उघडू लागणे हा सुपारीमुळे होणारा आजार कर्करोगाची पूर्वावस्था मानला जातो. नागपूरच्या कर्करोग नोंदणीत पुरुषांमधील प्रमुख कर्करोगांत तोंडाचा कर्करोग अग्रभागी आहे.

सवय लागते तेव्हा मेंदूत काय घडते?

या प्रश्नाची पहिली मोठी खूण १९५४ मध्ये सापडली. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. कळ दाबली की मेंदूच्या ठरावीक भागाला विजेचा हलका झटका मिळे. उंदीर ती कळ तासातून शेकडो वेळा दाबू लागले. मेंदूत ‘हे पुन्हा कर’ असे सांगणारी यंत्रणा आहे, हे यातून स्पष्ट झाले. पुढे या यंत्रणेत डोपामाइन या रसायनाची भूमिका महत्त्वाची असल्याचे दिसले. निकोटिन, दारू, अफू यांचे परिणाम वेगवेगळे असले तरी सगळे याच मार्गावर येऊन मिळतात.

त्यानंतर अनेक वर्षे डोपामाइन म्हणजे ‘आनंदाचे रसायन’ असा समज रूढ झाला. समाजमाध्यमांवर तो आजही फिरतो. पण १९९० च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांनी वेगळे चित्र समोर आणले. माकडाला फळाचा रस मिळाला की सुरुवातीला त्याच्या डोपामाइन पेशी सक्रिय होत. रसाआधी प्रत्येक वेळी ठरावीक खूण दाखवली, तर काही दिवसांनी त्या पेशी रस मिळताना शांत राहू लागल्या आणि खूण दिसताच सक्रिय होऊ लागल्या. खूण दिसली, पण रस मिळालाच नाही, तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षा खाली गेली. थोडक्यात, डोपामाइन आनंद मोजत नाही. काय मिळणार याचा अंदाज बांधायला ते मेंदूला शिकवते.

खर्ऱ्याला हे तंतोतंत लागू पडते. पन्नी घोटल्याचा आवाज, जेवणानंतरची वेळ, चहाचा कट, कॉलेज सुटल्यावर ठरलेल्या ठेल्यावर जमणारे मित्र या सगळ्या मेंदूसाठी खुणा होतात. पुडी तोंडात जाण्याच्या कितीतरी आधी, ठेला दिसताक्षणीच मेंदूची तयारी सुरू झालेली असते. आणि त्या क्षणी ‘आज नको’ म्हटले, तर काहीतरी हरवल्यासारखे वाटते.

आता मजा येत नाही, तरी हवा का असतो?

अनेक जुने खर्रा खाणारे सांगतात की आता त्यात पूर्वीसारखी मजा नाही, तोंड भाजते, तिखट खाता येत नाही, तरी राहवत नाही. हे विधान विज्ञानाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार ‘आवडणे’ आणि ‘हवे असणे’ या मेंदूतील दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. त्यांच्या प्रयोगांत ज्या उंदरांच्या मेंदूतील डोपामाइन जवळपास नष्ट केले होते, ते समोर अन्न असूनही खायला जात नसत. पण त्यांच्या तोंडात गोड पाणी सोडले, तर चेहऱ्यावर चव आवडल्याच्या खुणा दिसत. म्हणजे आवड शिल्लक होती, ओढ गेली होती. व्यसनात याच्या उलट होते. वारंवार सेवनाने ओढीची यंत्रणा अधिकाधिक संवेदनशील होत जाते, आवड मात्र तशीच राहते किंवा कमी होते. ‘मजा येत नसेल तर सोडून दे’ हा घरच्यांचा सल्ला म्हणूनच उपयोगी पडत नाही. खाणारा आता मजेसाठी खातच नसतो.

दुसरी बाजू आहे न मिळाल्याच्या त्रासाची. जॉर्ज कूब यांच्यासारख्या संशोधकांच्या मते व्यसनाच्या पुढच्या टप्प्यात माणूस आनंद मिळवण्यापेक्षा त्रास टाळण्यासाठी सेवन करतो. निकोटिन थांबले की चिडचिड, अस्वस्थता, लक्ष न लागणे, झोप बिघडणे सुरू होते. पहिले दोन-तीन दिवस हा त्रास सर्वाधिक असतो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. मग महिनाभर सोडलेला खर्रा पुन्हा का सुरू होतो? कारण शरीराचा त्रास संपला तरी खुणांनी घडवलेली ओढ संपलेली नसते. ती बराच काळ टिकते.

मग सगळ्यांनाच व्यसन का लागत नाही?

एकाच ठेल्यावर उभ्या राहणाऱ्या पाच मित्रांपैकी दोघे अधूनमधून खाऊन थांबतात, तिघांची सवय पक्की होते. यामागे काही प्रमाणात अनुवंशिकता असते. जुळ्या भावंडांवरील अभ्यासांतून व्यसनाच्या जोखमीतील साधारण ४० ते ६० टक्के फरक अनुवंशिक घटकांशी जोडला गेला आहे. याचा अर्थ ‘व्यसनाचे जनुक’ सापडले, असा नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा परिणाम मिळून जोखीम ठरते. उदाहरणार्थ, यकृतातील एक विकर निकोटिनचे विघटन करते. ज्यांच्यात ते वेगाने काम करते, त्यांच्या रक्तातील निकोटिन लवकर उतरते. त्यांना पुन्हा तलफही लवकर येते.

दुसरा घटक वय. परिणामांचा विचार करून स्वतःला थांबवणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत विकसित होत राहतो. ओढीची यंत्रणा मात्र किशोरवयातच जोरात असते. भारतात २०१९ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वर्षे वयाच्या ८.५ टक्के विद्यार्थ्यांनी तंबाखूचे सेवन करत असल्याचे सांगितले होते. या वयात सुरू झालेली सवय सुटायला सर्वांत कठीण असते.

तिसरा घटक मनावरचा ताण. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड खान्झियन यांनी १९८५ मध्ये मांडले की अनेक जण नैराश्य, भीती, एकटेपणा यांवर स्वतःच शोधलेले औषध म्हणून नशेकडे वळतात. लहानपणी मारहाण, दुर्लक्ष, घरातील हिंसा सोसलेल्यांमध्ये पुढे व्यसनाचे प्रमाण जास्त आढळते, हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासाने दाखवले. रात्रपाळी, परीक्षा, बेरोजगारी यांत ‘डोके चालावे म्हणून’ सुरू होणारा खर्रा याच वर्गात मोडतो.

जागा बदलली तर व्यसन सुटते का?

वेळ, जागा आणि सोबत या गोष्टी व्यसनाच्या खुणा होत असतील, तर त्या बदलल्यावर काय होते, हा पुढचा प्रश्न. त्याचे सर्वांत गाजलेले उत्तर युद्धातून मिळाले.

व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिकांना हेरॉइन सहज मिळत असे. १९७१ मध्ये अमेरिकी सरकारच्या सांगण्यावरून समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी परतलेल्या सैनिकांचा अभ्यास केला. तिथे असताना जवळपास २० टक्के सैनिक नशेच्या आहारी गेले होते. हे सगळे मायदेशी परतूनही व्यसनी राहतील, अशी सरकारला धास्ती होती. प्रत्यक्षात आहारी गेलेल्यांपैकी पहिल्या वर्षात सुमारे ५ टक्केच पुन्हा व्यसनात अडकले. तीन वर्षांत हे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांवर गेले. युद्धाचा ताण, सहज उपलब्धता आणि तिथली सोबत मागे राहिली होती.

त्याच दशकाच्या अखेरीस कॅनडातील ब्रूस अलेक्झांडर यांनी उंदरांवर केलेला प्रयोगही प्रसिद्ध आहे. पिंजऱ्यात एकट्या ठेवलेल्या उंदरांनी मॉर्फिन मिसळलेले पाणी जास्त प्यायले. प्रशस्त जागेत इतर उंदरांसोबत राहणाऱ्यांनी ते बरेच कमी घेतले. यावरून ‘एकटेपणा हेच व्यसनाचे कारण’ असा निष्कर्ष समाजमाध्यमांवर सांगितला जातो. मात्र, नंतर इतरांनी केलेल्या प्रयोगांत निकाल सारखे आले नाहीत. परिस्थितीचा परिणाम मोठा आहे एवढे त्यातून म्हणता येते, तेच एकमेव कारण आहे असे म्हणता येत नाही.

नंदनवनमधील खर्रा खाणारा आणि तो सैनिक यांच्यात एक मोठा फरक आहे. सैनिक हजारो किलोमीटर दूर आपल्या घरी गेला. खर्रा सोडणाऱ्याला मात्र दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने, त्याच ठेल्यासमोरून, त्याच मित्रांसोबत जायचे असते.

व्यसन हा आजार आहे की सवय?

यावर शास्त्रज्ञांमध्ये एकमत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेचे तत्कालीन प्रमुख अ‍ॅलन लेश्नर यांनी १९९७ मध्ये व्यसन हा मेंदूचा आजार असल्याची मांडणी केली. मेंदूत मोजता येतील असे बदल होतात आणि ते सेवन थांबल्यावरही टिकतात, हा त्यामागचा आधार. या मांडणीमुळे व्यसनी माणसाकडे गुन्हेगार म्हणून पाहण्याऐवजी रुग्ण म्हणून पाहण्याला बळ मिळाले.

टीकाकारांचे म्हणणे असे, की मेंदू तर कोणतीही गोष्ट शिकताना बदलतो. मेंदूशास्त्रज्ञ मार्क लुईस स्वतः तरुणपणी नशेच्या आहारी गेले होते. ते व्यसनाला आजार न म्हणता खोलवर रुजलेले शिकणे म्हणतात. मानसशास्त्रज्ञ जीन हेमन यांनी दाखवून दिले, की व्यसनात सापडलेले बरेच लोक नोकरी, लग्न, मुले अशा जबाबदाऱ्या आल्यावर उपचारांशिवायही थांबतात.

घरच्यांच्या दृष्टीने या वादातून निघणारा मुद्दा साधा आहे. दोन्ही बाजूंना ‘इच्छाशक्ती नाही म्हणून सुटत नाही’ हे स्पष्टीकरण मान्य नाही. पहिली बाजू उपचार द्या म्हणते, दुसरी बाजू नवी सवय आणि नवी परिस्थिती घडवा म्हणते. दोष देणे कुणाच्याच उपायात बसत नाही.

बंदीने काय साधले?

महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली. २०१३ मध्ये तिची व्याप्ती वाढवून सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, खर्रा आणि मावा यांचाही समावेश झाला. त्याशिवाय २००३ च्या केंद्रीय कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकणे आणि शिक्षणसंस्थांच्या १०० यार्डांच्या आत ती विकणे हा गुन्हा आहे.

प्रौढांच्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार राज्यात तंबाखू सेवन करणाऱ्यांचे प्रमाण २००९-१० मध्ये ३१.४ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये २६.६ टक्क्यांवर आले. ही घट केवळ बंदीमुळे झाली असे सिद्ध करता येत नाही, कारण त्याच काळात कर, जनजागृती आणि पाकिटावरील इशारेही वाढले. तरीही दर चार प्रौढांमागे एक जण तंबाखू घेतो आणि त्यांतील बहुसंख्य धूरविरहित प्रकार वापरतात. बंद पाकिटातला गुटखा कारखान्यात रोखता येतो. खर्रा मात्र ठेल्यावर, गिऱ्हाइकासमोर, दोन मिनिटांत तयार होतो. साधी तंबाखू आणि साधी सुपारी बंदीत येत नाही, त्यामुळे कारवाई आणखी अवघड होते.

दारूबंदीचा अनुभवही पाहण्यासारखा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात एप्रिल २०१५ मध्ये दारूबंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. अवैध दारू आणि वाढलेली गुन्हेगारी ही त्याची कारणे देण्यात आली. बंदी उपलब्धता कमी करू शकते, आणि नव्याने व्यसन लागू नये यासाठी ते महत्त्वाचेही आहे. पण ज्याच्या मेंदूत ओढ आधीच तयार झाली आहे, त्याला केवळ आदेशाने मदत होत नाही.

गडचिरोलीत वेगळे काय केले गेले?

शेजारच्या गडचिरोलीत जनआंदोलनानंतर १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था, राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहभागातून २०१६ पासून तिथे दारू आणि तंबाखू कमी करण्यासाठी ‘मुक्तिपथ’ हा जिल्हाव्यापी उपक्रम सुरू आहे. त्यात जनजागृती, गावाने एकत्र येऊन विक्री थांबवणे, कायद्याची अंमलबजावणी आणि व्यसनींवर उपचार ही चारही कामे एकाच वेळी केली जातात. गावातील दुकानात खर्रा मिळेनासा होतो, तेव्हा सोडू पाहणाऱ्याच्या वाटेतील खुणाही कमी होतात.

पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राचा भर उपचार आणि परिस्थिती या दोन बाजूंवर आहे. दाखल झालेला माणूस काही आठवडे जुन्या जागेपासून दूर राहतो, कुटुंबालाही समुपदेशनात घेतले जाते आणि स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले लोक पुढे इतरांना आधार देतात.

खर्रा सोडायचा असेल तर काय करावे?

पहिली पायरी तोंड तपासून घेण्याची. नंदनवनहून जवळच असलेल्या मेडिकल परिसरातील शासकीय दंत महाविद्यालयात ही तपासणी होते. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, बरी न होणारी जखम असेल किंवा तोंड पूर्ण उघडत नसेल, तर उशीर करू नये.

दुसरी पायरी औषधांची. निकोटिनचे च्युइंगगम आणि ‘व्हरेनिक्लिन’ ही गोळी तलफ कमी करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये तंबाखू सोडण्याच्या उपचारांविषयी जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांत धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांसाठीही या दोन्हींची शिफारस आहे. डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ते घ्यावे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा आहे. मानसिक ताण असेल तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते.

तिसरी पायरी खुणांची आणि ती घरच्यांशिवाय जमत नाही. कोणत्या वेळी, कुठे आणि कुणासोबत खर्रा खाल्ला जातो याची आठवडाभर नोंद केली, तर ठरावीक चार-पाच प्रसंग समोर येतात. तेवढे बदलायचे असतात. जेवणानंतर दुसरीकडे फेरी मारणे, पहिला महिना ठेल्याचा रस्ता टाळणे, मित्रांना आधीच सांगून ठेवणे असे बदल छोटे वाटतात. पण मेंदूने शिकलेली जोडणी त्यांनीच सैल होते.

आणि पुन्हा खाल्ला तर? २००० मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील एका आढावा लेखाने व्यसनाची तुलना उच्च रक्तदाब, दमा आणि मधुमेहाशी केली होती. या आजारांतही बऱ्याच रुग्णांना पुन्हा त्रास होतो, व्यसनातही तसेच दिसते. रक्तदाब वाढला म्हणून रुग्णाला कुणी अपयशी ठरवत नाही, औषध बदलून पाहिले जाते. खर्रा पुन्हा सुरू झाला, तर तो कोणत्या वेळी आणि कोणत्या ठिकाणी सुरू झाला हे पाहून पुढचा प्रयत्न आखता येतो. बहुतेक लोकांचे व्यसन पहिल्या प्रयत्नात सुटत नाही. ते अनेक प्रयत्नांनंतर सुटते.